व्हॅक्यूम पंप कपाटात का जाऊन पडतो

पंप घरी आला, दोन रात्री वापरून पाहिला, जमलं नाही, आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. ताठरतेच्या तक्रारीसाठी व्हॅक्यूम यंत्र घेणाऱ्या पुष्कळ जणांचं गाडं इथेच अडतं. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो आणि शरीराचाही नसतो. जेल कमी पडलेलं असतं, पंप घाईने मारलेला असतो किंवा लिंगाच्या बुंध्यावर बसवायची रबरी रिंग चुकीच्या मापाची असते. हे हातकाम आहे. हात बसायला आठ-दहा दिवस लागतात, आणि नेमकं हेच विकणारा सांगत नाही.

आधी शब्दाचं पाहू. 'नपुंसकत्व' हा शब्द इथे मुद्दाम टाळलाय. त्यात वंध्यत्व, इच्छा नसणं आणि ताठरता न येणं या तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात, वर अपमान फुकट. आपण बोलतोय ते एवढ्यावरच: समागमाला पुरेल इतकी ताठरता येत नाही, किंवा येते पण टिकत नाही, आणि हे अधूनमधून नाही तर महिनोन्‌महिने चाललंय.

नेहमीची ताठरता येते तेव्हा मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, लिंगातल्या दोन स्पंजासारख्या नळ्यांमधले स्नायू सैल पडतात, रोहिण्या रुंदावतात आणि रक्त आत भरतं. नळ्या फुगल्या की त्यांच्याभोवतीच्या चिवट आवरणाखाली शिरा दाबल्या जातात, म्हणून आलेलं रक्त अडून राहतं. म्हणजे भरणं आणि अडवणं अशी दोन कामं. पंप हवा ओढून पहिलं काम करतो, रिंग आवळून दुसरं. यात मज्जातंतूंचा काही संबंध येत नाही, म्हणून मधुमेहाने नसा कमजोर झालेल्यांना किंवा प्रोस्टेट काढलेल्यांनाही याचा उपयोग होतो. ताठरतेच्या गोळ्यांचं तसं नाही. मज्जातंतूंकडून संदेशच येत नसेल तर गोळीला वाढवायला काही उरत नाही.

पण पंपाने आलेली ताठरता अगदी नेहमीसारखी नसते, आणि हे आधी माहीत असलेलं बरं. यात रोहिणीचं आणि शिरांचं रक्त मिसळलेलं असतं, रिंगमुळे ताजा पुरवठा मंदावतो, म्हणून लिंग थोडं निळसर दिसतं आणि हाताला गार लागतं. लिंगाचा मुळाकडचा भाग शरीराच्या आत, रिंगच्या मागे असतो. तो भरत नाही. त्यामुळे रिंगच्या पुढचा भाग कडक आणि बुंध्याशी मात्र बिजागरी बसवल्यासारखं हलतं. ही बिजागरी पाहून 'यंत्र काम करत नाही' असं ठरवणारे खूप आहेत. बुंध्याशी हाताचा आधार दिला की प्रवेश जमतो, आणि जोडीदार वर असलेली स्थिती बऱ्याच जोडप्यांना सोपी जाते.

कल्पना नवी नाही. व्हिएन्नाच्या ऑटो लेडरर यांनी १९१७ मध्येच अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं. आजच्या रूपात ते आणलं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या गेडिंग्ज ऑस्बन यांनी. गडी टायरच्या धंद्यातला. स्वतःच्या तक्रारीसाठी यंत्र बनवलं, वर्षानुवर्षं स्वतः वापरलं आणि १९८२ मध्ये विक्रीची सरकारी परवानगी मिळवली.

यंत्रात भाग मोजकेच. एक पारदर्शक प्लास्टिकची नळी, एका टोकाला उघडी. दुसऱ्या टोकाला पंप, हाताचा किंवा बॅटरीचा. हवा परत आत सोडायचा झडपेचा खटका. वेगवेगळ्या मापांच्या रबरी रिंगा, दोन्ही बाजूंना ओढायचे कान असलेल्या. रिंग नळीवर चढवायला एक शंकू. आणि पाण्यात विरघळणारं जेल.

घेताना एकच गोष्ट पाहायची असेल तर दाबमर्यादेची झडप पाहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या निकषांत कमाल निर्वात दाब १७ इंच पारा, म्हणजे सुमारे ४३० मिलिमीटर पारा, असा आहे. 'आकार वाढवा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पंपांना अनेकदा ही झडपच नसते, आणि त्यातून सूज, फोड आणि रक्ताच्या गाठी येतात. आकार कायमचा वाढत नाही, ते वेगळंच. हाताचा की बॅटरीचा? बोटांत संधिवात असेल, पकड कमजोर असेल तर बॅटरीचा. नाहीतर हाताचा पंप चांगला, कारण किती ताण येतोय ते हाताला लगेच कळतं. नळीचं तोंडही मापाचं हवं. फार रुंद असेल तर अंडकोशाची कातडी आत ओढली जाते, अरुंद असेल तर कडा घासतात. चांगल्या संचात तोंड लहान करायची एक आतली चकती येते, ती डब्यात तळाशी पडून राहते आणि कुणी काढून पाहत नाही.

पहिला आठवडा रिंग बाजूलाच ठेवा. समागमाचा विषयही नको. दिवसातून एक-दोनदा, एकट्याने, निवांतपणे फक्त पंप मारायचा, भरू द्यायचं, हवा सोडायची. एवढाच सराव.

बुंध्याजवळचे केस आधी बारीक कापून घ्या. वस्तरा फिरवायची गरज नाही, उलट ताज्या वस्तऱ्याच्या खरचटीवर रबर चुरचुरतं. मग जेल, आणि इथे कंजूषी नको: लिंगाच्या बुंध्याभोवती, नळीच्या तोंडाच्या कडेला आणि नळीच्या आत बोट जाईल तिथपर्यंत. कोरडा राहिलेला एक केससुद्धा हवा आत सोडायला पुरतो. व्हॅसलीन किंवा तेल वापरू नका. त्याने रबर खराब होतं आणि लॅटेक्सचा कंडोम फाटतो.

उभं राहून करणं नवख्याला सोपं, कारण नळी सरळ धरता येते. लिंग आत घालून नळी शरीराशी घट्ट, सगळीकडून सारखी टेकवा, आणि दुसऱ्या हाताने अंडकोश खाली, मागे धरा. आता एक-दोन दाब मारा आणि थांबा. पाच ते दहा सेकंद. पुन्हा एक-दोन दाब, पुन्हा थांबा. या थांबण्यातच रक्त आत येतं. सलग दाब मारत सुटलं तर हवा निघते पण तेवढ्या वेगाने रक्त पोचत नाही, मग कातडी सुजते, दुखतं आणि लाल ठिपके उठतात. पूर्ण भरायला साधारण दोन ते पाच मिनिटं लागतात. पहिल्या वेळी नीट भरत नसेल तर मिनिटभर पंप मारून हवा पूर्ण सोडा आणि पुन्हा सुरुवात करा. दुसऱ्या वेळी बहुतेकांना फरक दिसतो. ताण जाणवावा, पण दुखू नये. दुखलं की लगेच खटका दाबायचा, 'अजून थोडं' म्हणायचं नाही.

सराव झाला की रिंग. सुरुवात सैल मापापासून करा. शंकूवर आणि रिंगच्या आत जेल लावून ती नळीच्या उघड्या टोकावर चढवा, आणि हे पंप मारायच्या अगदी आधी करा. तासन्‌तास ताणून ठेवलेल्या रिंगचा जोर कमी होतो.

आता तो क्षण, जिथे निम्मे लोक चुकतात. लिंग भरलंय, नळी शरीराशी दाबलेली आहे. दोन्ही हातांची बोटं रिंगच्या मागे ठेवून ती नळीवरून पुढे, शरीराकडे ढकला, दोन्ही बाजूंनी सारखी. रिंग सटकन बुंध्यावर बसते आणि तसा हलका आवाजही येतो. तोपर्यंत आतली निर्वात पोकळी तशीच हवी. रिंग बसली, मग खटका दाबून हवा आत सोडायची, मग नळी काढायची. क्रम उलटा झाला, आधी हवा सोडली, तर रिंग आवळायच्या आत रक्त परत गेलेलं असतं आणि माणूस म्हणतो, 'नळीत असतं, बाहेर काढलं की जातं.' क्रम बरोबर असूनही जात असेल तर रिंग सैल आहे. एक माप कमी करा, किंवा दोन रिंगा एकत्र वापरून पाहा.

घड्याळ पाहून ठेवा. रिंग ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, कारण पुढच्या भागाला ताजं रक्त फार थोडं मिळत असतं. रिंग घालून झोप लागणं हा या यंत्रातला खरा धोका आहे, म्हणून दारू घेतली असेल त्या रात्री पंप नको. पुन्हा वापरायचं तर मध्ये किमान तासभर जाऊ द्या. काढताना दोन्ही कान विरुद्ध दिशांना ओढून रिंग रुंद करा आणि पुढे सरकवा. अडकली तर जेल लावा आणि एक-एक बाजू उचलत आणा. धातूच्या कड्या, साधे रबरबँड, बांगडीसारखं काहीही चालत नाही. रबरी रिंग वेळ पडली तर बोथट टोकाच्या कात्रीने कापता येते, धातूची कडी घरी कापता येत नाही.

रिंगमुळे मूत्रमार्गही दाबला जातो, त्यामुळे वीर्य बाहेर न येता रिंग काढल्यावर ओघळतं. यात इजा काही नाही. काहींना स्खलनाच्या वेळी चमक येते, त्यांनी खालच्या बाजूला खाच असलेली रिंग घ्यावी. मात्र याला संततिनियमन समजू नका. कंडोम लावायचा असेल तर रिंग बसल्यानंतर.

बिघाड नेहमीचेच असतात. पंप मारतोय पण दाबच तयार होत नाही: केस, कमी जेल, किंवा नळी तिरकी. पोट पुढे आलेलं असेल तर बुंध्याभोवतीची चरबी एका हाताने मागे दाबून धरावी लागते, नाहीतर नळीला सपाट जागाच मिळत नाही. अंडकोशाची कातडी आत ओढली गेली: ताबडतोब हवा सोडा, आतली चकती बसवा, नळीचा कोन किंचित वर घ्या. बारीक लाल ठिपके: घाईचा परिणाम, काही दिवसांत जातात, तोपर्यंत विश्रांती. काळानिळा डाग पडला तर तो पूर्ण जाईपर्यंत यंत्र डब्यात. पुढचा भाग बधिर वाटला तर रिंग घट्ट आहे.

काहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, रक्तस्रावाचा आजार आहे, सिकल सेल किंवा ल्युकेमिया आहे, पूर्वी तासन्‌तास न उतरणारी ताठरता येऊन गेली आहे, लिंगाला मोठा बाक आहे, असे लोक. मणक्याच्या दुखापतीने तिथली संवेदना गेलेल्यांनी विशेष जपावं, कारण दुखण्याची सूचनाच त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

वापरानंतर नळी आणि रिंगा कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा. पंपाचा भाग, खासकरून बॅटरीचा, पाण्यात बुडवायचा नाही. स्पिरिटने पुसू नका, नळीला बारीक तडे जातात आणि तड्यातून हवा शिरते. मग परत तेच: 'दाब होत नाही.'

पंपाचा एक वेगळा उपयोग प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर होतो. तिथे रिंग लागतच नाही. रोज काही मिनिटं भरायचं, सोडायचं, असं करून ऊतींना रक्त मिळत ठेवायचं आणि लांबी आखडू द्यायची नाही, हा उद्देश. केव्हा सुरू करायचं ते शस्त्रक्रिया करणारे ठरवतात, कारण आतले टाके भरायला वेळ द्यावा लागतो.

हे सगळं झालं, पण पंप मागवण्याआधी एक काम आहे आणि ते टाळण्याकडेच कल असतो: तपासणी. लिंगाच्या रोहिण्या एक ते दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या. आतून थर साचत असेल तर बारीक नळ आधी तुंबणार. त्यामुळे ताठरतेची तक्रार कित्येकदा हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसते. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, आणि सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉन एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहायचं, एका आकड्यावर इंजेक्शनं सुरू करायची नाहीत. चालू औषधांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या, केसांसाठी घेतलेलं फिनास्टेराइड, यांतलं काहीही कारण असू शकतं. पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. पहाटे झोपेत ताठरता नीट येत असेल तर रक्तपुरवठा बराचसा शाबूत आहे, आणि मग मनावरचा ताण, धास्ती, नात्यातला अबोला यांकडे पाहायला हवं. तिथे पंपापेक्षा समुपदेशक जास्त कामाचा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात, कारण गोळी 'लागू पडली नाही' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची ती घेण्याची पद्धतच चुकलेली असते. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) १९९८ मध्ये आलं. साधारण ५० मिलिग्रॅमपासून सुरुवात, गरजेप्रमाणे २५ किंवा १००, समागमाच्या तासभर आधी, आणि रिकाम्या पोटी. तेलकट भरपेट जेवणानंतर घेतलं तर असर उशिरा आणि कमी. टाडालाफिलला जेवणाचं वावडं नाही आणि त्याचा असर ३६ तासांपर्यंत राहतो. १० किंवा २० मिलिग्रॅम गरजेपुरतं, नाहीतर ५ मिलिग्रॅम रोज. ही दुसरी पद्धत प्रोस्टेटमुळे लघवीचा त्रास असणाऱ्यांना दुहेरी फायद्याची. गोळी घेऊन टीव्हीसमोर बसून काही होत नाही. उत्तेजना लागतेच, गोळी फक्त ती पुढे नेते. योग्य मात्रेत, योग्य वेळी सहा-आठ वेळा घेऊन पाहिल्याशिवाय तिला नापास करू नका. डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, पित्त हे नेहमीचे त्रास; टाडालाफिलने पाठ दुखते. एकाएकी दिसणं किंवा ऐकू येणं कमी झालं तर गोळी बंद आणि थेट डॉक्टर. गोळी आणि पंप एकत्रही चालतात, आणि नुसत्या एकाने अर्धवट जमत असेल तर ही जोडी करून पाहण्यासारखी आहे.

गोळ्या चालत नाहीत त्यांच्यासाठी लिंगात घ्यायचं इंजेक्शन. १९८३ मध्ये लास व्हेगासच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वतःला इंजेक्शन घेऊन भर सभेत परिणाम दाखवला होता. तेव्हापासून कुणी शंका घेतली नाही! अल्प्रोस्टाडिल एकटं किंवा पापाव्हरीन आणि फेन्टोलामीनबरोबर मिसळून देतात. सुई अगदी बारीक, इन्सुलिनची असते तशी, २७ ते ३० गेजची. टोचायची लिंगाच्या बाजूला, घड्याळातल्या १० किंवा २ च्या जागी, काटकोनात. वर मध्यभागी मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या, खाली मूत्रमार्ग, म्हणून १२ आणि ६ सोडायचे. बाजू दर वेळी बदलायची, दिसणारी शीर टाळायची, आणि सुई काढल्यावर पाच मिनिटं दाबून धरायचं. दाबलं नाही तर रक्त साकळतं. अल्प्रोस्टाडिल आठवड्यात तीनदापेक्षा जास्त नाही, दोन वेळांमध्ये २४ तास. पहिली मात्रा दवाखान्यातच, कारण किती पुरते ते प्रत्येकाचं वेगळं. चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही तर लाज बाजूला ठेवून आणीबाणी विभाग गाठा. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपलेला असतो, आणि सकाळपर्यंत वाट पाहणाऱ्यांचं कायमचं नुकसान होतं. सुईची धास्ती असेल तर तेच औषध मूत्रमार्गात सोडायच्या बारीक गोळीच्या रूपात मिळतं. आधी लघवी करून घ्यायची, म्हणजे मार्ग ओला राहतो आणि गोळी विरघळते. असर इंजेक्शनपेक्षा कमी आणि जळजळ जास्त.

शेवटचा पर्याय इम्प्लांट. एक वाकवता येणाऱ्या दांड्यांचं, दुसरं फुगवायचं: लिंगात दोन नळ्या, अंडकोशात पंप, पोटात खारट पाण्याची पिशवी. फुगवायचं इम्प्लांट १९७३ पासून आहे. समाधानी लोकांचं प्रमाण यात चांगलं, पण आतल्या स्पंजाची जागा कायमची जाते, म्हणून नंतर गोळ्या-इंजेक्शनांकडे परतता येत नाही. लांबी वाढत नाही, उलट थोडी कमी वाटते. जंतुसंसर्ग झाला तर सगळं बाहेर काढावं लागतं, म्हणून साखर आटोक्यात आणल्याशिवाय शल्यविशारद हात घालत नाहीत. वापर सुरू होतो चार ते सहा आठवड्यांनी.

शॉकवेव्ह (लिंगावर ध्वनिलहरींचे झटके) आणि स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटची इंजेक्शनं यांवर पैसे घालण्याची घाई नको. पुरावा अजून कच्चा आहे, जाहिरात मात्र पक्की.

आणि 'पूर्ण वनस्पतिजन्य' चूर्ण-कॅप्सूल. यांतल्या अनेकांत तपासणीत चोरून मिसळलेलं सिल्डेनाफिल सापडलंय, म्हणूनच ती 'लगेच लागू' पडतात. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या किंवा जिभेखाली मारायचा फवारा घेणाऱ्याला हे जिवावर बेततं, कारण दोन्ही मिळून रक्तदाब कोसळतो. अशांना सिल्डेनाफिल, टाडालाफिल, काहीच चालत नाही, पंप चालतो. कुठलीही गोळी किंवा चूर्ण घेतल्यावर छातीत दुखून रुग्णालयात जावं लागलं, तर नायट्रेट देण्याआधी तिथल्या डॉक्टरांना काय घेतलं आणि किती वाजता घेतलं ते सांगा. सिल्डेनाफिल असेल तर २४ तास आणि टाडालाफिल असेल तर ४८ तास ते नायट्रेट टाळतील आणि दुसरं औषध देतील.